सुखान्त कोणाच्या वाट्याला? : नव्याने आयुष्य मांडणाऱ्या स्त्रियांची मराठी गोष्ट

१/
एक स्त्री. वय तिशी-चाळिशीचे. पहिला संसार मोडलेला किंवा नियतीने हिरावून घेतलेला. नवे गाव, नवे काम, शेजारी एखादा तऱ्हेवाईक पण मनाने चांगला पुरुष. मग गैरसमज, फजिती, रुसवेफुगवे आणि शेवटी गोड जुळणी. अशा कादंबऱ्या आज आवडीने वाचल्या जातात आणि तितक्याच सहजतेने 'हलकेफुलके वाचन' म्हणून बाजूला सारल्या जातात. मराठीत मात्र हा हलकेपणा फार उशिरा आणि फार मोठी किंमत मोजून आला. पुन्हा सुरुवात करणाऱ्या स्त्रीकडे पाहून वाचकाने निर्धास्तपणे हसावे, एवढ्यासाठी शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. त्या वर्षांचा हा धागा.

२/
या गोष्टीची सुरुवात सहसा पुण्या-मुंबईपासून होते. इथे ती महाराष्ट्राच्या पूर्व टोकापासून करू. गोंदिया शहराला लागून मुर्री नावाचे गाव आहे. हा सारा धानाचा पट्टा, झाडीपट्टीचा मुलूख. ब्रिटिश काळात हा भाग मध्य प्रांताच्या भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. 'विधवेचा पुनर्विवाह' या प्रश्नावर पुण्यात शास्त्रार्थ रंगत असताना मध्य प्रांतातल्या अनेक शेतकरी आणि कारागीर जातींना हा प्रश्न तशा रूपात पडलेलाच नव्हता. त्यांच्याकडे 'पाट' होता.

३/
नवरा वारला, की ठरावीक काळाने विधवेने दुसरे घर करायचे, हा पाटाचा अर्थ. नवरा-बायकोचे अजिबात जमत नसेल, तर जातपंचायतीसमोर 'काडीमोड' होई आणि पुढे पुन्हा पाट लागे. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात येण्यापूर्वी कितीतरी आधी खेड्यांतल्या असंख्य बायकांनी दुसरा संसार मांडलेला होता. मात्र पाट म्हणजे मोकळीक नव्हे. तो बहुधा रात्री, गाजावाजा न करता, लग्नाच्या पूर्ण विधींवाचून उरके. 'लग्नाची बायको' आणि 'पाटाची बायको' असा भेद राही. दुसरी सुरुवात करायला परवानगी होती. तिचा सोहळा करायला मात्र नव्हती.

४/
१८५६ साली हिंदू विधवांचा पुनर्विवाह कायदेशीर ठरवणारा कायदा झाला. पाठ्यपुस्तकांत तो सुधारणेचा टप्पा म्हणून येतो आणि तो तसा आहेही. परंतु त्याचे दुसरे कलम क्वचितच सांगितले जाते. पुनर्विवाह करताच पहिल्या पतीच्या मालमत्तेवरचा विधवेचा हक्क संपेल, असे ते कलम होते. ज्या जातींत पाट पूर्वापार चालत आला, त्यांनाही हे लागू करायचे का, यावर न्यायालयांत मतभेद झाले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने रूढी असलेल्या जातींतल्या स्त्रियांचा हक्क राखला. मुंबई, कलकत्ता आणि मद्रासच्या न्यायालयांनी तो जातो असे मानले. नव्या सुरुवातीची किंमत जमिनीत मोजली जात होती.

५/
कायद्यानंतर एकाच वर्षाने, १८५७ मध्ये, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाली. मराठीतली पहिली सामाजिक कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. यमुना आपल्या पतीबरोबर प्रवास करते आणि वाटेत एकामागून एक विधवांच्या कहाण्या तिच्या कानी पडतात. पुढे ती स्वतःच विधवा होते. शेवटी ती पुन्हा लग्न करते. म्हणजे मराठी सामाजिक कादंबरीची पहिली नायिकाच नव्याने सुरुवात करणारी आहे! मात्र त्यासाठी तिला ख्रिस्ती व्हावे लागते. लेखक स्वतः धर्मांतरित होते आणि हिंदू समाजाच्या चौकटीत राहून असा शेवट त्यांना लिहिता आला नाही. गोष्टीचा सूरही उपदेशाचा आहे. हसण्याची सोय त्यात नाही.

६/
त्याच सुमारास सुखान्त कथांची एक वेगळी लाट आली. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबुड यांची 'मंजुघोषा' (१८६८) ही त्यातली ठळक नावे. संकटे, ताटातूट, अद्भुत योगायोग आणि अखेर मीलन असा त्यांचा साचा. शेवट गोड आहे, परंतु नायिकेच्या सगळ्या धडपडीचे फळ म्हणजे हरवलेले तेच सुख परत मिळणे. दुसरी सुरुवात या अद्भुत जगातही मंजूर नव्हती. राजवाडे, जंगले आणि चोरवाटा यांची कल्पना लेखकांना करता आली, विधवेच्या दुसऱ्या संसाराची मात्र करता आली नाही.

७/
या कथांवर पहिली सणसणीत टीका आली ती विदर्भातून आणि एका स्त्रीकडून. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. निमित्त होते सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर चाललेल्या बालहत्येच्या खटल्याचे. त्या वेळची वृत्तपत्रे सगळ्या स्त्रीजातीला दोष देत सुटली होती. ताराबाईंनी उत्तर देताना पुरुषांनी लिहिलेल्या नाटक-कादंबऱ्यांनाही सोडले नाही. पुरुषाने रंगवलेली स्त्री आणि घरात वावरणारी स्त्री यांचा मेळ बसत नाही, हा त्यांचा मुद्दा. उच्चकुलीन म्हणवणाऱ्या मराठा घराण्यांनी ब्राह्मणांचे पाहून पुनर्विवाह बंद केला, यावरही त्यांनी बोट ठेवले.

८/
ताराबाईंच्या लेखनात लक्षात राहतो तो त्यांचा टोमणा. संताप आहेच, पण तो विनोदाच्या अंगाने येतो. पुरुषाची बायको मेली की तो लगेच बोहल्यावर चढायला तयार, आणि बाईने मात्र जन्मभर कोपऱ्यात बसायचे, हा विरोधाभास त्या वाचकाला हसवत हसवत दाखवतात. पुन्हा सुरुवात करण्याचा हक्क पुरुषाला इतका सहज मिळालेला होता की त्याला कोणी 'पुनर्विवाह' असे भारदस्त नावही देत नसे. मराठीत या विषयावर हसण्याची वाट कादंबरीच्या आधी एका स्त्रीच्या निबंधाने पाडली.

९/
मुख्य प्रवाहातली कादंबरी मात्र अश्रूंच्या वाटेने गेली. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो!' क्रमशः छापली. यमू नावाच्या मुलीने स्वतःच सांगितलेली ही कहाणी आहे. सासरचा जाच, पतीचा आधार, मग वैधव्य, केशवपनाची सक्ती आणि अखेर मृत्यू. नाव 'करमणूक', आणि त्यातली सर्वांत गाजलेली गोष्ट वाचकाला रडवणारी! कादंबरीचे मोठेपण निर्विवाद आहे. घरातल्या बोलीत एका मुलीचे मन इतक्या जवळून त्याआधी कोणी लिहिले नव्हते. परंतु सुधारकाची अडचणही इथेच दिसते.

१०/
ती अडचण अशी. समाजाला लाज वाटावी, यासाठी विधवेचे दुःख दाखवावे लागे. ती सुखी झाली, तर लाज कशाची वाटणार? त्यामुळे सुधारकांच्या कथेत स्त्रीने सोसणे आणि शेवटी मरणे, ही जवळजवळ गरजच होऊन बसली. 'संगीत शारदा' (१८९९) हा अपवाद वाटेल. गोविंद बल्लाळ देवलांनी जरठ-कुमारी विवाहासारखा विषय विनोदी अंगाने रंगवला आणि शारदेची सुटका करून तिची कोदंडाशी गाठ घालून दिली. पण तिथेही म्हाताऱ्याशी ठरलेले लग्न आधीच मोडते. शारदेची ती पहिलीच सुरुवात आहे, दुसरी नव्हे.

११/
कादंबरी अडखळत असताना प्रत्यक्षात काय घडत होते? गोदूबाई जोशी या मुलीचे आठव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच ती विधवा झाली. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा गोदूबाई तिथे शिकायला आल्या. पुढे सदन पुण्याला हलले. ११ मार्च १८९३ रोजी, सदनाच्या उद्घाटनाला चार वर्षे होत असताना, त्यांचा विवाह विधुर प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. त्या आनंदीबाई झाल्या. घरात आणि बाहेर 'बाया' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. कर्व्यांच्या मुरुड गावाने या लग्नाबद्दल कुटुंबावर बहिष्कार टाकला.

१२/
बायांनी १९४४ मध्ये आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. नाव ठेवले 'माझे पुराण'. या नावातच मिस्किलपणा आहे. पुराण म्हणजे पवित्र ग्रंथ, आणि 'पुराण लावणे' म्हणजे कंटाळा येईपर्यंत सांगत बसणे. बालवैधव्य, सासरचे कष्ट, शिक्षण, दुसरे लग्न, बहिष्कार, चार पैसे वाचवण्याच्या खटपटी हे सारे त्या घरगुती, रोखठोक भाषेत सांगतात. स्वतःची कीव करत बसणे त्यांच्या स्वभावात नाही. ज्या आयुष्याची कादंबरीकाराने शोकांतिका केली असती, ते आयुष्य जगलेली बाई त्याच्याकडे पाहून गालातल्या गालात हसते.

१३/
बायांच्या धाकट्या बहिणीने वेगळी वाट निवडली. पार्वतीबाई आठवले याही तरुणपणी विधवा झाल्या, पण त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. कर्व्यांनी १८९६ मध्ये काढलेल्या आश्रमासाठी त्या गावोगाव वर्गणी गोळा करत हिंडल्या आणि १९१८ मध्ये इंग्रजी शिकण्यासाठी थेट अमेरिकेला गेल्या. तिथे घरकाम करून त्यांनी दिवस काढले. १९२८ मध्ये त्यांची 'माझी कहाणी' आली. दोन बहिणी, दोन सुरुवाती: एकीची लग्नातून, दुसरीची लग्नावाचून. आजच्या हलक्याफुलक्या कादंबरीत 'शेवटी नायक हवाच का?' असा वाद घातला जातो. या घरात त्या वादाच्या दोन्ही बाजू शंभर वर्षांपूर्वी जगून झाल्या होत्या.

१४/
आता पुन्हा गोंदियाकडे. नागपूरहून पूर्वेला जाणारा लोहमार्ग भंडारा, गोंदिया, डोंगरगड करत राजनांदगावला पोहोचतो. १८९३ च्या सुमारास या गाडीने कवी नारायण वामन टिळक राजनांदगावला निघाले होते. डब्यात भेटलेल्या एका पाश्चात्त्य प्रवाशाने त्यांच्याशी गप्पा मारल्या आणि त्यांना बायबलचा नवा करार दिला. त्या वाचनातून टिळकांचे मन वळले आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मुर्रीच्या शेजारून गेलेल्या त्या रेल्वेप्रवासाने मराठी साहित्याला एक अपूर्व पुस्तक मिळवून दिले. ते टिळकांचे नव्हे, त्यांच्या पत्नीचे.

१५/
लक्ष्मीबाई टिळक कर्मठ घरात वाढल्या. वडिलांचे सोवळे तर वेडाच्या थराला गेलेले. पतीने धर्म बदलल्यावर त्या जवळपास पाच वर्षे त्यांच्यापासून दूर, नातेवाइकांकडे राहिल्या. नवरा जिवंत, तरीही संसार संपलेला. त्या काळात त्यांनी सोसलेले दुःख खरे आहे आणि त्यांनी ते लपवलेले नाही. मग पत्रे सुरू राहिली, भेटी झाल्या, रुसवे झाले, समजुती निघाल्या. त्या अहमदनगरला आल्या, हळूहळू सोवळे सुटत गेले आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ज्या नवऱ्याला गमावले, त्याच्याचबरोबर त्यांनी दुसरा संसार मांडला.

१६/
ही सारी हकिकत 'स्मृतिचित्रे' या नावाने १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाली. विसरभोळा, तापट, उदार, कवी नवरा आणि व्यवहारचतुर, हजरजबाबी बायको. घरात पैसा टिकत नाही, पाहुणे हटत नाहीत, प्रत्येक वादाचा शेवट अनपेक्षित. दोन भिन्न स्वभावांची माणसे भांडत भांडत एकमेकांच्या अधिक जवळ येतात, हा प्रणयविनोदाचा गाभा मराठीत सर्वांत जिवंतपणे उतरला तो या आत्मकथनात. लिहायला-वाचायला लग्नानंतर शिकलेल्या स्त्रीने तो उतरवला. १९१९ मध्ये टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' हाती घेऊन ६४ अध्याय लिहिणारी स्त्रीही हीच. म्हणजे तिसरी सुरुवात!

१७/
इथे एक गोष्ट स्पष्ट होते. दूरून पाहणाऱ्यांना नव्याने सुरुवात करणारी स्त्री करुण वाटली. ती सुरुवात प्रत्यक्ष केलेल्या स्त्रियांना तिच्यातली गंमतही दिसली. सगळ्याच स्त्रियांनी हसत लिहिले असे नाही. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आणि १९३४ मध्ये 'हिंदोळ्यावर' लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर, यांचा सूर गंभीर आहे. पतीपासून दूर राहणारी अचला आणि तिचे विवाहाबाहेरचे प्रेम यामुळे 'हिंदोळ्यावर'ने मोठी खळबळ उडवली. टोपणनावामागे कोण आहे, याचा शोध सुरू झाला. अशी गोष्ट लिहायलाही स्त्रीला नाव बदलून घ्यावे लागे, मग हसणे तर दूरच.

१८/
त्याच दशकात ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्या तरुण वाचक अधाशीपणे वाचत होते. खेळकर संवाद, सुबक रचना, प्रेमाचे त्रिकोण. हलक्याफुलक्या प्रणयकथेचे तंत्र फडक्यांनी मराठीत रुजवले आणि वाङ्मय आनंदासाठी असते, हे ठणकावून सांगितले. परंतु त्यांचे जग प्रामुख्याने अविवाहित, सुशिक्षित तरुण-तरुणींचे. मोडलेल्या संसारातून बाहेर पडणाऱ्या स्त्रीला या बागेत क्वचितच प्रवेश मिळाला. प्रणय आणि विनोद आले होते. दुसरी सुरुवात अजून बाहेर उभी होती.

१९/
चित्रपटाने काय केले? १९३७ मधला प्रभातचा 'कुंकू' हा नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेला. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलेली नीरा, म्हणजे शांता आपटे, ते लग्न मानायला नकार देते. ती तेजस्वी आहे, बंडखोर आहे. शेवटी पश्चात्ताप झालेला पती तिला मोकळे करण्यासाठी स्वतःचे जीवन संपवतो. तिच्या नव्या सुरुवातीसाठी कोणाला तरी मरावे लागते, कारण जिवंत नवऱ्यापासून सुटण्याचा रस्ता कायद्यातच नव्हता. इथे कथाकाराच्या कल्पनेची नव्हे, कायद्याची मर्यादा आड आली होती.

२०/
तो रस्ता टप्प्याटप्प्याने उघडला. बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, मुंबई प्रांताने १९४७ मध्ये. गोंदिया तेव्हा मुंबई प्रांतात नव्हते, त्यामुळे मुंबईचा कायदा इथल्या स्त्रीला लागू नव्हता. तिला कायद्याने घटस्फोट मिळाला तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. या कायद्याने रूढीने चालत आलेला घटस्फोटही मान्य ठेवला. म्हणजे काडीमोडीला अखेर कायद्याच्या पुस्तकात जागा मिळाली. परस्परसंमतीचा घटस्फोट १९७६ च्या दुरुस्तीने आला. आणि विधवेचा हक्क हिरावणारे कलम असलेला १८५६ चा कायदा १९८३ मध्ये रद्द झाला.

२१/
१९७६ चे महत्त्व कथेच्या दृष्टीनेही मोठे आहे. त्याआधी विवाह मोडायचा, तर बहुधा कोणावर तरी दोष सिद्ध करावा लागे: क्रौर्य, त्याग, व्यभिचार. म्हणजे गोष्टीत खलनायक अटळ होता. दोघेही बरे आहेत, पण एकत्र राहणे जमत नाही, अशी मोकळी शक्यता कायद्याने मान्य केल्यावरच हलक्या सुराची जागा तयार होते. ज्या गोष्टीत पहिला नवरा राक्षस असावाच लागत नाही, त्या गोष्टीत त्याच्यावर विनोद करता येतो आणि त्याच्याबद्दल थोडी मायाही वाटू शकते.

२२/
वाचकवर्गही तोवर तयार झाला होता. १९३० मध्ये किर्लोस्करांनी 'स्त्री' मासिक सुरू केले. स्वातंत्र्यानंतर योगिनी जोगळेकर, सुमती क्षेत्रमाडे, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे, ज्योत्स्ना देवधर अशा लेखिकांच्या कादंबऱ्या वाचनालयांतून हातोहात फिरू लागल्या. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला. दुपारचे काम आवरल्यावर पुस्तक बदलायला जाणे, हे कित्येक स्त्रियांचे घराबाहेर पडण्याचे हक्काचे निमित्त होते. समीक्षकांनी या कादंबऱ्यांची फारशी दखल घेतली नाही. वाचणारणींनी त्यासाठी थांबण्याचे कारण नव्हते.

२३/
आणि मग वर्तुळाचा एक सुंदर भाग दिसतो. बाया कर्वे यांचा मुलगा दिनकर आणि सून इरावती. त्यांची मुलगी गौरी देशपांडे (१९४२–२००३). 'एकेक पान गळावया' (१९८०), 'तेरुओ आणि काही दूरपर्यंत' (१९८५) अशा पुस्तकांतून गौरींनी अशा नायिका उभ्या केल्या, ज्या प्रेम करतात, सोडतात, पुन्हा प्रेम करतात आणि स्वतःची थट्टाही करतात. त्यांना प्रणयविनोद म्हणता येणार नाही, त्यातले एकटेपण गडद आहे. पण अपराधी भावनेचे ओझे न घेता पुन्हा सुरुवात करणारी, बुद्धिमान, खट्याळ नायिका मराठीत ठामपणे आली ती इथे. पुनर्विवाहामुळे जिच्या घरावर बहिष्कार पडला, तिच्याच नातीच्या लेखणीतून.

२४/
ही वाट फक्त पुस्तकांतून गेली, असे मानणे चुकीचे ठरेल. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या मुलखात झाडीपट्टी रंगभूमी आहे. दिवाळीनंतर धान घरात आले की मंडई भरतात, शंकरपट होतात आणि रात्रभर नाटके रंगतात. अनेक मंडळींचा तळ वडसा-देसाईगंजला. घरगुती कलह, प्रेम, गाणी आणि मध्येच हशा पिकवणारे विनोदी पात्र हा या नाटकांचा ठरलेला मसाला. या रंगभूमीचे विनोदी नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. गोधडी पांघरून पहाटेपर्यंत बसलेल्या बायका फसलेल्या संसारावर रडतात आणि पुढच्याच प्रवेशाला हसतात. कादंबरीने सव्वाशे वर्षांत जे मिश्रण साधले, ते मंडपात एका रात्रीत होते.

२५/
२०१९ मध्ये झी मराठीवर 'अग्गंबाई सासूबाई' सुरू झाली. विधवा सासू आसावरी, तिच्यावर जीव जडलेला आचारी अभिजित राजे आणि हे लग्न जमवण्यासाठी झटणारी सून. निवेदिता सराफ आणि गिरीश ओक यांच्या या जोडीने घराघरांत खसखस पिकवली. 'यमुनापर्यटन'पासून मोजले तर १६२ वर्षे. यमुनेला दुसऱ्या लग्नासाठी धर्म बदलावा लागला, आसावरीला फक्त मुलाची आणि सासऱ्याची समजूत घालावी लागली. प्रेक्षकांची चिंता 'हे पाप आहे का' अशी नव्हती. 'लग्न कधी लागणार' एवढीच होती.

२६/
तरीही सगळे आलबेल आहे असे नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने सगळ्या ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. म्हणजे पडद्यावरच्या आसावरीला टाळ्या मिळाल्यानंतरही प्रत्यक्षातल्या स्त्रीसाठी ठराव करावा लागत होता. गोष्टीतला सुखान्त समाजाच्या पुढे चालतो, तो असा. म्हणूनच त्याला पोकळ म्हणून झिडकारण्याची घाई करू नये.

२७/
या विषयाकडे वळायचे असेल, तर क्रम सोपा आहे. आधी 'पण लक्षात कोण घेतो!' वाचावी, म्हणजे कशातून बाहेर पडायचे होते ते कळेल. मग 'माझे पुराण' आणि 'स्मृतिचित्रे', म्हणजे बाहेर पडलेल्यांचा आवाज ऐकू येईल. त्यानंतर गौरी देशपांडे. आणि मग वाचनालयाच्या कपाटातली, कोपरे दुमडलेली, अनेक हातांनी हाताळलेली एखादी हलकीफुलकी कादंबरी उचलावी. नायिका नव्या गावात उतरते, पिशव्या सांभाळत रिक्षा शोधते आणि पहिल्याच दिवशी तिची फजिती होते, त्या पानावर मनमोकळे हसावे. ते हसू यमूच्या वाट्याला आले नव्हते.